मॅथ्यू व्हॅन डर पूल आणि एमटीबी: रोडचा राजा पहिल्याच लॅपमधे का अडकतो?

एका दिवसाच्या रोड रेसमधे आत्ता सगळ्यात भारी कोण असं सायकलिंग बघणाऱ्या कुणालाही विचारा, स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारच्या जोडीला एकच नाव येणार, मॅथ्यू व्हॅन डर पूल. टूर ऑफ फ्लँडर्स तीनदा (2020, 2022, 2024), पॅरिस-रूबे सलग तीनदा (2023 ते 2025), मिलान-सान रेमो दोनदा (2023, 2025), रोडचा वर्ल्ड चॅम्पियन 2023 ला, ग्रॅव्हलचा, म्हणजे कच्च्या खडीच्या रस्त्यांवरच्या रेसचा, 2024 ला, आणि सायक्लोक्रॉसची, म्हणजे हिवाळ्यात चिखला-गवतातून चालणाऱ्या छोट्या लॅपच्या रेसची, वर्ल्ड टायटल्स तर 2025 पर्यंत सात. आता याच माणसाचं माउंटन बायकिंगचं, म्हणजे एमटीबीचं, खातं उघडा. 2019 ला तीन वर्ल्ड कप (मोसमभर चालणाऱ्या मालिकेतली एकेक रेस) जिंकले, त्यानंतर एक्ससीओमधे, म्हणजे ऑलिंपिकमधे असते त्या क्रॉसकंट्री प्रकारात, एकही वर्ल्ड कप नाही. ऑलिंपिकमधे पडला, ग्लासगोच्या वर्ल्ड्समधे, म्हणजे वर्षातून एकदाच होणाऱ्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमधे, पडला, 2025 ला कमबॅकला गेला तर तिथंही पडला आणि मनगटाचं हाड मोडून घेतलं.

लोक याला बॅड लक म्हणतात. मला ते पटत नाही, म्हणून हे सगळं प्रकरण एकदा नीट मांडून बघतोय. माझं म्हणणं असं की गडी सायकलवरून पडायच्या आधी कॅलेंडरमधे पडतो. पाय, फुफ्फुसं, हिंमत, हँडलिंग, कशाचीच कमी नाहीये. पण वर्षाचा तक्ता आखताना रोडला त्याचं माप पूर्ण मिळतं आणि एमटीबीच्या वाट्याला उरलेसुरले आठवडे येतात. एमटीबी हा उरलेल्या वेळात करायचा खेळ नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. जन्म 1995 चा, बेल्जियममधला, पण खेळतो नेदरलँड्सकडून. वडील आद्री व्हॅन डर पूल स्वतः फ्लँडर्स आणि लिएज जिंकलेले, सायक्लोक्रॉसचे वर्ल्ड चॅम्पियन. आईचे वडील म्हणजे रेमों पुलिदोर, टूर द फ्रान्समधे तीनदा दुसरे आणि पाचदा तिसरे आले पण आयुष्यात एक दिवसही पिवळी जर्सी, म्हणजे टूरमधे पहिल्या नंबरवर असणाऱ्याची जर्सी, अंगावर चढली नाही, आणि तरीही फ्रान्समधे लोकांनी डोक्यावर घेतलेला माणूस. त्यामुळे सायकल याच्या पाचवीला पुजलेली होती म्हणायला हरकत नाही. हा आजोबांचा मुद्दा लक्षात ठेवा, 2021 च्या निर्णयात तो नकळत येतोच.

2019: जमलं होतं तेव्हा कसं जमलं

2018 च्या लेंझरहाइडच्या एमटीबी वर्ल्ड्समधे तो तिसरा आला होता, एमटीबीचा बादशहा नीनो शुर्टर आणि केर्शबाउमर यांच्या मागे. म्हणजे हौशी पाहुणा नव्हताच. मग 2019 उजाडलं. एप्रिलमधे अ‍ॅम्स्टेल गोल्ड रेस, ती शेवटच्या किलोमीटरमधे मागून येऊन सगळा ग्रुप पाठीवर घेऊन जिंकलेली, ज्यांनी लाइव्ह बघितली त्यांना वेगळं सांगायला नको, वडिलांनी 1990 ला जिंकलेली तीच रेस. आणि त्यानंतर पाचच आठवड्यांनी, मेच्या शेवटी, चेक रिपब्लिकमधल्या नोव्हे मेस्टोला शुर्टरला हरवून पहिला एक्ससीओ वर्ल्ड कप. जुलैमधे युरोपियन चॅम्पियन. ऑगस्टमधे व्हाल दी सोले आणि लेंझरहाइड असे अजून दोन वर्ल्ड कप.

हे बघून सगळ्यांनी निष्कर्ष काढला की हा कुठल्याही सायकलवर बसला तरी जिंकतो. मलाही तेव्हा तसंच वाटायचं. पण त्या वर्षाचं कॅलेंडर बघा ना जरा. त्याची टीम तेव्हा कोरेन्डॉन-सर्कस, म्हणजे दुसऱ्या दर्जाची टीम, वर्ल्ड टूरच्या, म्हणजे रोडच्या सगळ्यात वरच्या दर्जाच्या, रेसला वाइल्ड कार्ड मिळालं तर जायचं. टूर द फ्रान्स नाही, जिरो नाही, जुलै मोकळा. स्प्रिंग क्लासिक्स, म्हणजे वसंतातल्या एका दिवसाच्या मोठ्या रोड रेस, संपल्या की थेट एमटीबीची सायकल काढायची आणि उन्हाळाभर तीच चालवायची. वर्ल्ड कपच्या आठवड्यात शुक्रवारचा शॉर्ट ट्रॅक, म्हणजे छोट्या कोर्सवरची छोटी रेस, खेळायचा, त्यातून रविवारच्या रेसला पुढची रांग मिळवायची, कोर्सवर सराव करायचा, मग रेस. थोडक्यात तो तेव्हा त्या मोसमापुरता पूर्णवेळ एमटीबी रायडर होता आणि रोडवर अधूनमधून जात होता.

आणि त्याच वर्षी पुढचं सगळं ज्यातून निघालं तो निर्णय पण झाला. मोन्त-सेंट-अ‍ॅनला एमटीबी वर्ल्ड्स होत्या, फॉर्म आयुष्यातला सगळ्यात भारी, आणि त्यानं त्या सोडल्या, कारण सप्टेंबरमधे यॉर्कशायरला रोड वर्ल्ड्स होत्या. तिथं पावसात, थंडीत, जिंकणाऱ्या ग्रुपमधे होता, सगळे म्हणत होते आता झालंच याचं, आणि शेवटच्या पंधरा किलोमीटरमधे अचानक पाय संपले आणि 43 वा आला. ना हे ना ते. तेव्हा फार कुणी बोललं नाही, वय 24, पुढे किती वर्षं पडलीत, असा सगळा सूर होता. एमटीबी वर्ल्ड टायटलची त्याला आजवर मिळालेली सगळ्यात चांगली संधी तीच होती असं माझं मत आहे.

टोकियो

ऑलिंपिक एक वर्ष पुढे ढकलली गेली आणि त्या एका वर्षात याच्या आजूबाजूचं सगळं बदललं. 2020 च्या ऑक्टोबरमधे जुना प्रतिस्पर्धी, बेल्जियमचा व्हाउट व्हॅन आर्ट, याला स्प्रिंटमधे हरवून फ्लँडर्स जिंकली. टीम आता आल्पेसिन-फेनिक्स, रँकिंगमधून मोठ्या रेसेसचं आमंत्रण आपोआप मिळायला लागलं, त्यात टूर द फ्रान्स पण आली. आता ज्या टीमचा अख्खा संसार एका माणसावर उभा आहे ती टीम टूरला त्याच्याशिवाय कशी जाईल? स्पॉन्सरला जुलैमधे टीव्हीवर चेहरा पाहिजे. आणि घरात पुलिदोरचं नाव, 2019 च्या नोव्हेंबरमधे आजोबा गेलेले. नाही म्हणणं अवघडच होतं.

मेमधे तो नोव्हे मेस्टोला आला आणि ब्रिटनच्या टॉम पिडकॉकच्या मागे दुसरा. ठीकच. मग 26 जूनला टूर सुरू, दुसऱ्याच दिवशी म्यूर द ब्रेतान्यवर स्टेज जिंकली, पिवळी जर्सी, आकाशाकडे बोट, रडारड, सगळं. सहा दिवस जर्सी अंगावर. आठव्या स्टेजनंतर टूर सोडली आणि जपान. एमटीबीची रेस 26 जुलैला, म्हणजे मधे तीन आठवडे, त्यात विमानप्रवास, घड्याळाची उलथापालथ, उकाडा, आणि सायकल बदल.

आता त्या पडण्याबद्दल जरा सविस्तर, कारण प्रकरणाची गोम तिथं आहे. इझूच्या, म्हणजे ऑलिंपिकच्या एमटीबी कोर्सवर एक मोठा दगडी ड्रॉप, म्हणजे एकदम खाली तुटणारी पायरी, होती. सरावाच्या दिवसांत तिथं उताराला फळी लावलेली, म्हणजे दगडावरून सरळ हवेत न जाता फळीवरून घसरत खाली येता यायचं. रेसच्या दिवशी ती फळी नव्हती. मॅथ्यूचं म्हणणं की फळी काढणार आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. बाकीच्यांना माहीत होतं, ते उडी मारायच्या वेगानं आले आणि निघून गेले. व्हिडिओ सावकाश बघा. पहिलाच लॅप, हा पुढच्या ग्रुपमधे, अगदी बरोबर जागेवर. दगडाच्या कडेला येताना वेग कमी, वजन पुढे, पुढचं चाक खाली सोडायच्या पोझिशनमधे, जसं फळी असताना करतात तसंच. चाकाखाली काहीच नाही. सायकल नाकावर आणि हा हँडलवरून पुढे, कमरेवर. उठला, परत बसला, काही लॅप ओढले, मग थांबला. पिडकॉकनं गोल्ड घेतलं, फ्ल्यूकिगर दुसरा, वालेरो तिसरा.

सोशल मीडियावर तेव्हा जो गोंधळ झाला त्यात दोनच बाजू होत्या, एक म्हणे आयोजकांची चूक, दुसरी म्हणे हा बेजबाबदार. मला दोन्ही उथळ वाटतात. ड्रॉप कसा घ्यायचा हे त्याला येत नव्हतं असं कुणीच म्हणणार नाही, त्याहून वाईट ड्रॉप त्यानं झोपेत मारले असतील. पण एमटीबीच्या जगात एक कानोकानी चालणारी व्यवस्था असते, कोण कुठली लाइन घेतंय, कुठला दगड हलवला, कुठं रात्री पाणी मारलं, फळी राहणार की जाणार, हे सगळं रायडर आणि मेकॅनिक कोर्सच्या कडेला उभं राहून एकमेकांना सांगत असतात. जो वर्षभर त्या तांड्याबरोबर फिरतो त्याला ही बातमी न विचारता कळते. जो टूरमधून थेट येऊन उतरतो त्याच्या कानावर ती पडेलच असं नाही.

त्या पडण्यानं पाठ धरली. पुढचे कित्येक महिने कमरेचं दुखणं, ऑक्टोबरमधली चिखलातली रूबे त्यातच खेळला आणि तिसरा आला, डिसेंबरमधे सायक्लोक्रॉस दोन रेसनंतर सोडावा लागला, 2022 च्या सायक्लोक्रॉस वर्ल्ड्स हुकल्या. म्हणजे एका हुकलेल्या उडीची किंमत एमटीबीनं नाही, रोड आणि सायक्लोक्रॉसनं मोजली. टीमवाल्यांनी हे लक्षात ठेवलं नसेल असं मानणं भाबडेपणाचं होईल.

ग्लासगो, 2023

2023 ला यूसीआयनं, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेनं, सगळ्या प्रकारांच्या वर्ल्ड्स एकाच ठिकाणी, ऑगस्टमधे ग्लासगो आणि आसपास घेतल्या. मॅथ्यूला वाटलं एका दगडात दोन पक्षी. 6 ऑगस्टला रोड रेस, तिथं शेवटच्या वीस किलोमीटरच्या आत एका ओल्या वळणावर सरपटला, बुटाचं बकल तुटलं, उठला आणि तरीही व्हॅन आर्टला दीड मिनिटाहून जास्त फरकानं हरवलं. काय बोलणार. सहाच दिवसांनी, 12 ऑगस्टला, ग्लेंट्रेसच्या जंगलात एक्ससीओ. पहिला लॅप, सैल खडीचं एक साधं वळण, ना ड्रॉप ना रॉक गार्डन, म्हणजे दगडधोंड्यांचा पट्टा, पुढचं चाक घसरलं आणि आडवा. तिथंच संपलं. अर्ध्या लॅपची सुद्धा रेस झाली नाही.

आता त्याच वर्षी पिडकॉकनं काय केलं ते बघा. त्यानं रोड रेस घेतलीच नाही. घरच्या मैदानावरची रोड वर्ल्ड्स, आणि ब्रिटिश माणसानं ती सोडून फक्त एमटीबी धरली. मेमधे नोव्हे मेस्टोचा वर्ल्ड कप खेळून जिंकून आला होता, म्हणजे त्या मोसमात हात बसलेला. ग्लेंट्रेसला वर्ल्ड चॅम्पियन झाला. दोघांमधे ताकदीचा फरक किती असं विचारलं तर मी मॅथ्यूलाच झुकतं माप देईन. फरक पडला तो एकानं काहीतरी सोडलं आणि दुसऱ्यानं दोन्ही डगरींवर हात ठेवला इथं.

त्या रेसच्या आधी स्टार्ट ग्रिडवरून वाद पण झाला होता. रोडच्या स्टार्सना एमटीबीचे पॉइंट नसताना पुढं उभं करायचं का, यावर वर्षभर एमटीबी खेळणारे चिडले, आणि त्यांचं चिडणं बरोबरच होतं. पण हा ग्रिडचा विषय रोडवाल्या प्रेक्षकांना नीट कळत नाही म्हणून इथं थोडं थांबतो.

रोड रेसला दीडशे-पावणेदोनशे लोक सुटतात, कुठल्या रांगेत उभा होतास याला काही अर्थ नाही, पुढे सहा तास पडलेत. एक्ससीओ असते दीड तासाच्या आत. आठ-आठच्या रांगा, पॉइंटच्या क्रमानं बोलावतात, आणि हे पॉइंट वर्षभरात शिळे होतात, गेल्या उन्हाळ्यात खेळला नसशील तर यंदा मागे. गोळी वाजली की दोन-तीन मिनिटांत रुंद रस्ता संपतो आणि एकाच सायकलची वाट सुरू होते. पाचव्या-सहाव्या रांगेतला माणूस तिथं पोचेपर्यंत पुढचा अर्धा मिनीट निघून गेलेला असतो. कधीकधी तर पाय टेकवून उभं राहावं लागतं, कारण पुढे कुणीतरी झाडाच्या मुळांमधे अडकलंय. मग ती भरपाई करायला नमनालाच घडाभर तेल जातं. हृदयाचे ठोके छताला, तोंडाला फेस, आणि अशा अवस्थेत जिथं ओव्हरटेक करायची जागा नाही तिथं करायची, म्हणजे चांगली लाइन दुसऱ्याकडे आणि आपण सैल खडीवर.

मॅथ्यूचे टोकियो, ग्लेंट्रेस आणि 2025 चं नोव्हे मेस्टो हे तिन्ही घोटाळे रेसच्या अगदी सुरुवातीला झालेत. शेवटच्या लॅपमधे दमून पडला असं एकदाही नाही. टोकियोत तो पुढेच होता, तिथलं कारण वेगळं होतं हे मान्य, पण बाकी दोन्हीकडे हा उशिरा आलेल्या माणसाच्या घाईचाच वास येतो मला.

मग पॅरिस, आणि 2025

2024 ला त्यानं एमटीबीचा हट्ट सोडला आणि पॅरिस ऑलिंपिकला फक्त रोड रेस निवडली. एव्हेनेपूलनं ती जिंकली, हा बारावा. तिकडे एमटीबीच्या रेसमधे एलाँकूरच्या टेकडीवर पिडकॉक पंक्चर होऊन मागं पडला, चाक बदललं, परत आला आणि शेवटच्या लॅपमधे फ्रेंच कोरेत्स्कीला झाडाच्या दुसऱ्या बाजूनं घुसून मागं टाकलं, घरचं पब्लिक हुर्यो करत असताना. ती शेवटची मूव्ह बघा, ती बघितली की एमटीबीत हात बसलेला असणं काय असतं ते कळतं. फटीतून जायचं की नाही हे त्यानं ठरवलं असेल अर्ध्या सेकंदात.

2025 ला मॅथ्यू परत एमटीबीला आला, कारण आता यादीत तेवढंच उरलंय. रोड, सायक्लोक्रॉस, ग्रॅव्हल झालं, एमटीबी वर्ल्ड टायटल मिळालं की चारही. पुरुषांमधे हे कुणी केलेलं नाही, बायकांमधे पोलीन फेराँ-प्रेव्होनं केलंय. तर स्प्रिंगमधे सान रेमो आणि रूबे जिंकून 25 मेला तो नोव्हे मेस्टोला उभा. सुरुवातीच्याच टप्प्यात दोनदा पडला, रेस सोडली, मनगटातलं स्कॅफॉइड हाड मोडलं. पण टूरला पोचला, बुलोनला स्टेज जिंकली, परत पिवळी जर्सी, आणि तिसऱ्या आठवड्यात न्यूमोनिया होऊन घरी. ऑगस्टच्या शेवटी ले जेचा वर्ल्ड कप खेळला, सहावा. दोन आठवड्यांनी क्रान्स-मोन्तानाच्या वर्ल्ड्समधे 29 वा. आणि त्या वेळी किगालीची रोड वर्ल्ड्स त्यानं सोडली होती, म्हणजे या वेळी त्याग केला नाही असंही म्हणता येणार नाही.

मग माझं कॅलेंडरचं म्हणणं फुसकं निघालं का? मला नाही वाटत. सप्टेंबरची रोड वर्ल्ड्स सोडणं हा स्वस्तातला त्याग होता, किगालीचा चढाचा कोर्स तसाही त्याच्यासाठी नव्हता. जुलै कुणी सोडला? टूर, त्यात न्यूमोनिया, मग सावरणं, म्हणजे मे ते ऑगस्टअखेर एमटीबीची एकही रेस नाही. ले जेचा सहावा नंबर बघून उलट मला वाटलं की अजून तीन-चार वर्ल्ड कप पोटात असते तर काय झालं असतं.

शरीराचा भाग

पण सगळं कॅलेंडरवर ढकलणं पण बरोबर नाही. मॅथ्यू सहा फुटी, वजन 75 किलोच्या आसपास. रूबेच्या दगडी रस्त्यांवर हे वजन सोनं आहे, सायकल जमिनीला धरून राहते आणि सपाटीवर नुसती ताकद चालते. पिडकॉक पाच फूट सातचा, साठ किलोच्या आतला. क्रान्स-मोन्तानासारख्या कोर्सवर दर लॅपला तेच तीव्र चढ परत परत चढायचे असतात, तिथं पंधरा किलोचा फरक लपवता येत नाही.

त्यात 2019 नंतर त्यानं स्वतःला अडीचशे किलोमीटरच्या रेससाठी घडवलंय. फ्लँडर्स-रूबे म्हणजे सहा तास, त्यात पाच तास इंजिन गरम ठेवायचं आणि मग दणादण अ‍ॅटॅक. एक्ससीओमधे पहिल्या मिनिटापासून लाल रेषेच्या वर, मग उतारावर पाय थांबतात पण आराम नाही, कारण दंड, पाठ, बोटं कामाला लागतात, ठोके तसेच वर. खाली आलं की परत एक मिनिटाचा उभा चढ. रोडचा इंजिन-मॅप या खेळाला थेट चालत नाही, बदलायला आठवडे लागतात, आणि बदलला की परतीला पण तेवढेच.

सायक्लोक्रॉसवाल्याला एमटीबी फुकटात येतं हा पण एक गैरसमज आहे. चिखलात सायकल घसरली तर घसरू देणं, खांद्यावर घेऊन धावणं, वळणातून स्प्रिंट मारणं, यात मॅथ्यूचा हात जगात कुणी धरणार नाही. पण सायक्लोक्रॉसला सस्पेन्शन नसतं, ड्रॉप नसतात, दगडांची बाग नसते. एमटीबीवर सीट खाली करायचा ड्रॉपर पोस्ट, दोन्हीकडे सस्पेन्शन, रुंद हँडल, रुंद टायर आणि त्यात जेमतेम हवा, म्हणजे पुढच्या चाकावर किती वजन टाकलं की पकड येते याचा सगळा हिशोब वेगळा. ग्लेंट्रेसला खडीवर पुढचं चाक गेलं ना, तिथं मला हेच दिसतं. सहा दिवसांपूर्वीपर्यंत हातांना रोडच्या सायकलची सवय होती.

दुसऱ्यांनी काय केलं

पीटर सागान आठवतो? 2008 चा एमटीबीचा ज्युनियर वर्ल्ड चॅम्पियन, 2016 ला रिओत रोड सोडून एमटीबीला उभा राहिला, अगदी मागच्या रांगेतून. पहिल्या लॅपमधे माणसं गिळत गिळत तिसऱ्या नंबरला आला आणि स्टेडियमच काय, टीव्हीसमोरचे पण उभे राहिले. मग पंक्चर, एकदा नाही, आणि शेवटी 35 वा. याच्याकडे बघून पण लोक बॅड लकच म्हणाले होते. मागून पुढे येणारा माणूस दगडावरून कुठल्याही लाइननं जातो, टायर फुटणारच.

फेराँ-प्रेव्होची गोष्ट मात्र मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते. 2014-15 च्या दरम्यान तिच्याकडे रोड, सायक्लोक्रॉस आणि एमटीबी तिन्ही वर्ल्ड टायटल्स एकाच वेळी होती, वय 23. सगळं एकत्र करता येतं याचा जगातला सगळ्यात मोठा पुरावा तीच. आणि तिनंच पुढे ते एकत्र करणं थांबवलं. बरीच वर्षं एमटीबी हेच मुख्य, त्यात पाच वर्ल्ड टायटल्स, आणि लक्ष्य एक, पॅरिसचं गोल्ड. 2024 च्या जुलैमधे एलाँकूरला ते घेतलं आणि एमटीबीची सायकल बाजूला ठेवून रोडच्या टीममधे गेली. 2025 च्या एप्रिलमधे पॅरिस-रूबे, ऑगस्टमधे टूर द फ्रान्स फेम, म्हणजे बायकांची टूर. एका वेळी एकच खेळ धरला आणि दोन्हीकडचं टोक गाठलं. हे मॅथ्यूला जमण्यासारखं नाही असं म्हणणारे म्हणतील की त्याच्या टीमला तो रोडवर लागतो. तेच तर म्हणतोय मी.

आणि अ‍ॅलन हॅदरली, दक्षिण आफ्रिकेचा, उलट्या दिशेनं आलेला. मुळात एमटीबीवाला, पॅरिसला ब्राँझ, 2025 ला जेको-अलूलाकडून रोडवर आला आणि त्याच वर्षी क्रान्स-मोन्तानाला वर्ल्ड चॅम्पियन. म्हणजे रोड करत करत एमटीबी जिंकता येते की, फक्त घर एमटीबीत पाहिजे आणि रोडवर पाहुणा पाहिजे. शिवाय त्याच्याकडून रोडवर कुणी फ्लँडर्स जिंकायची अपेक्षा ठेवत नाही, स्पॉन्सरचं नाक त्याच्यावर अवलंबून नाही. मॅथ्यूचं ओझं वेगळंच आहे.

मी असतो तर

आता ही आपली कट्ट्यावरची बडबड, तरी लिहितो. रोडचं स्प्रिंग सोडायचं काहीच कारण नाही, 2019 ला अ‍ॅम्स्टेल आणि नोव्हे मेस्टो पाच आठवड्यांच्या अंतरानं जमलंच होतं. सोडायची आहे ती टूर, एक वर्ष, पूर्ण. स्टेज जिंकून झाली, पिवळी जर्सी दोन वेगवेगळ्या वर्षी अंगावर आली, आजोबांचं राहिलेलं झालं. हिरव्या, म्हणजे स्प्रिंटच्या पॉइंटच्या, जर्सीचं त्याला कधी फार प्रेम दिसलं नाही, आणि टूरमधल्या डोंगरांमधे तो शेवटच्या ग्रुपेटोत, म्हणजे मागे रेंगाळणाऱ्यांच्या ग्रुपमधे, बसून दिवस काढतो. स्पॉन्सर कुरकुर करणार, पण टीममधे स्प्रिंट जिंकणारा यास्पर फिलिपसन आहे, जुलै अगदीच कोरडा जाणार नाही.

रूबेनंतर दोन आठवडे पाय वर. मग एमटीबी, आणि मुख्य वर्ल्ड कपच्या आधी एकदोन छोट्या रेस, जिथं कॅमेरे नाहीत आणि पॉइंट आहेत. पिडकॉकनं 2021 ला हेच केलं होतं. एवढा मोठा स्टार छोट्या रेसला कशाला जाईल असं वाटतं, पण ग्रिडला स्टार वगैरे कळत नाही. मग मे-जूनचे वर्ल्ड कप शॉर्ट ट्रॅकसकट, जुलैमधे उंचीवर एमटीबी घेऊनच राहायचं, दोन-तीन किलो उतरवता आले तर बघायचे, आणि वर्ल्ड्सच्या कोर्सवर आठवडाभर आधी जायचं. सोबत एक असा जुना मेकॅनिक ठेवायचा जो त्या तांड्यातच वाढलाय, फळीची बातमी त्याच्याकडून येते.

मॅथ्यूचा टीमबरोबरचा करार 2028 पर्यंत आहे, त्याच उन्हाळ्यात लॉस एंजेलिस ऑलिंपिक, तेव्हा हा 33 चा असेल. शुर्टर त्याहून मोठ्या वयात वर्ल्ड चॅम्पियन झालाय, तेव्हा वयाचं कारण मी तरी ऐकून घेणार नाही. पण 2028 ला पुढच्या रांगेत उभं राहायचं तर पॉइंट 2027 च्या उन्हाळ्यात जमवायला लागतील, म्हणजे टूरचा विषय 2027 च्या जुलैलाच निघणार, आणि तो वाद टीमच्या ऑफिसमधे त्याच्या आदल्या हिवाळ्यात, सायक्लोक्रॉस चालू असतानाच घालावा लागेल.